वातावरण खराब आहे

"मॅडम, जग एवढं तापतंय, पाऊस वेड्यासारखा वागतोय, आणि लोकांना काहीच कसं वाटत नाही हो?"

नाशिकच्या गोल्फ क्लबच्या मैदानावर सकाळी फेऱ्या मारताना हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी गाठतो. विचारणारे बहुतेक माझे जुने विद्यार्थी, नाहीतर त्यांचे आईवडील. मी तेहतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे ऊन, पाऊस, भूकंप यांची जबाबदारी आपोआप माझ्याकडे येते. प्रश्नाला एक शेपूटही असतं : "तुम्हाला राग नाही का येत?" मी "येतो की" म्हणते आणि पुढच्या फेरीला लागते. पण आज तुम्ही बाकावर बसवून विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

लोकांना काही वाटत नाही, असं मलाही वाटायचं. अगदी ठामपणे वाटायचं. २०१६ साल आठवा. गुढीपाडव्याच्या सुमाराला रामकुंड, गोदावरीतलं भाविकांच्या स्नानाचं कुंड, कोरडं पडलं होतं. तळाचं काँक्रीट उघडं पडलेलं, आणि भाविकांची अडचण नको म्हणून टँकरने पाणी आणून कुंडात ओतलं जात होतं. सव्वाशेहून अधिक वर्षांत असं झालं नव्हतं, असं वर्तमानपत्रांत येत होतं. त्याच वर्षी २ ऑगस्टला गंगेला पूर आला. (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, बाहेरच्यांनी गोंधळू नये.) सराफ बाजारात पाणी, भांडी बाजारात पाणी. टँकरपासून पुरापर्यंत जेमतेम चार महिने.

मी तेव्हा होळकर पुलाजवळ उभी होते. तिथे जत्रा भरली होती म्हणा ना. कणीसवाल्याचा धंदा जोरात, पोरं बापाच्या खांद्यावर, आणि सगळ्यांचे डोळे दुतोंड्या मारुतीकडे, म्हणजे नदीपात्रातल्या मारुतीच्या उंच मूर्तीकडे. पूर मोजायचं आमचं माप तेच. धरणातून किती क्युसेक सोडले हे रेडिओवर सांगतात, पण नाशिककराला कळतं ते मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला. माझ्या शेजारचे एक गृहस्थ बायकोला फोनवर सांगत होते, "कमरेच्या वर गेलंय! झकास! ये लवकर पोरांना घेऊन." मला असा काही संताप आला की घरी येऊन मी ह्यांच्यावर उगाचच तोंडसुख घेतलं. ह्यांचा दोष एवढाच की ते घरी होते.

आता भूगोलाची शिक्षिका म्हणून एक सांगायलाच हवं. त्या एका दुष्काळाचं किंवा त्या एका पुराचं खापर थेट हवामान बदलावर फोडता येत नाही. २०१४ आणि २०१५ असे सलग दोन पावसाळे तुटीचे गेले होते, त्यात २०१५चा एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी तापणं, ज्याने आपला पाऊस बऱ्याचदा घटतो) मोठा होता, आणि नदीच्या पात्रात काँक्रीट ओतून तिचे झरे बुजवणं हे तर खास आपलं स्वतःचं कर्तृत्व. पण वारं कुठे वाहतंय ते दिसतंच. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. गंमत म्हणजे त्या पट्ट्यातला एकूण मोसमी पाऊस मात्र वाढला नाही, उलट काहीसा घटलाच. महिन्याचा पगार पहिल्या तीन दिवसांत उधळावा आणि उरलेले दिवस वाण्याकडे उधारी मागावी, तसा हा पाऊस वागायला लागलाय.

हे सगळं मी वर्गात सांगायची. फळ्यावर आकृती काढून, कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण औद्योगिक क्रांतीच्या आधी दशलक्षात २८० होतं, आता ४२० च्या पुढे गेलंय वगैरे. पोरं लिहून घ्यायची. परीक्षेत नेमकं यायचं. घंटा झाली की संपलं.

माझं मत बदललं ते माहेरी.

माहेर निफाड तालुक्यातलं. धाकट्या भावाची द्राक्षबाग आहे. त्याचा रोज संध्याकाळी फोन येतो आणि त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "काय ताई, तिकडं वातावरण कसंय?" द्राक्षवाल्यांच्या बोलण्यात वातावरण दोनच प्रकारचं असतं, चांगलं नाहीतर खराब. खराब म्हणजे ढगाळ, दमट, डावणी-भुरी या वेलीच्या बुरशीरोगांना आवतण. "वातावरण खराब आहे" एवढं म्हटलं की त्यात पुढचं सगळं आलं. पहाटे उठून फवारणी, ट्रॅक्टरचं डिझेल, औषधाच्या दुकानातली वाढलेली उधारी, बायकोचं न बोलणं.

२०२५च्या भाऊबीजेला गेले तेव्हा ओवाळून झाल्यावर म्हणाला, चल, बागेत जाऊन येऊ. एरवी सणाच्या दिवशी तो मला बागेत नेत नाही, साडीला चिखल लागतो म्हणून. त्या वर्षी पावसाने मे महिन्यातच मुक्काम ठोकला होता. २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला, १९५० पासूनच्या नोंदींत इतका लवकर तो कधीच आला नव्हता. द्राक्षाला हे नेमकं कुठे लागतं ते बघा. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. त्यानंतर जी नवी काडी फुटते, तिच्या डोळ्यांत, म्हणजे फूट येते त्या गाठींत, पुढच्या हंगामाचे घड आतल्या आत तयार होत असतात. दिसत काहीच नाही. पण त्या दिवसांत लख्ख ऊन मिळालं तर डोळ्यात घड बसतो, आणि आभाळ गच्च राहिलं तर बसत नाही. काय बसलंय ते कळतं थेट ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, डोळे फुटले की. तोवर पाच महिने खत, मजुरी, औषध सगळं चालूच.

त्याने एक काडी खाली वाकवली. कोवळी पोपटी फूट होती, दोन बोटांत मावेल एवढी, कडेला तांबूस. जिथे मोहरीच्या दाण्यांएवढ्या कळ्यांचा घड असायला हवा, तिथे नुसती बाळी. बाळी म्हणजे वेल तारेला धरते तो तंतू. कानातल्या बाळीसारखी छान वळलेली.

"घडाची बाळी झाली," तो म्हणाला. पुढची काडी वाकवली. "हा बघ, हा होता घड. जिरला." तिसरी. चौथी. एका वेलीवर त्याने मला सगळ्या काड्या दाखवल्या, जशा शाळेत आम्ही पालकांना उत्तरपत्रिका दाखवायचो, एकेक पान उलटून. मग त्याने ती बाळी नखाने खुडली आणि तोंडात टाकून चावायला लागला. मलाही एक दिली. आंबट लागते. लहानपणी आम्ही चिंचेच्या पाल्यासारखी खायचो.

मी म्हटलं, "अरे, हाच तो हवामान बदल."

तो हसला. "ताई, ते तुमचं पुस्तकातलं. हे वातावरण आहे."

आता उद्या कोणी पाहणीवाला कागद घेऊन त्याच्या ओट्यावर आला आणि "आपणास हवामान बदलाविषयी चिंता वाटते का?" असं विचारू लागला, तर माझा भाऊ "नाही बुवा" म्हणेल, चहा विचारेल आणि आभाळाकडे बघेल. त्या कागदावर तो उदासीन ठरेल. आणि तो तर पाच वर्षांपासून बागेवर प्लास्टिकचं आच्छादन टाकायचा हिशेब करतोय. दर वर्षी खर्चाचा आकडा बघून वही मिटतो. मोबाइलवर हवामानाची तीन ॲप ठेवतो, तिघांवरही विश्वास नाही. शेजारच्याने तर त्या दिवाळीनंतर बागेवर कुऱ्हाडच चालवली. ही माणसं झोपलेली नाहीत हो. त्यांची झोप उडाली आहे, फक्त त्या न झोपण्याला त्यांच्याकडे वेगळं नाव आहे.

हे झालं शेताचं. शहरातल्या आपल्यासारख्यांचं काय, असं तुम्ही म्हणाल. त्याला माझ्याकडे आमच्या सोसायटीचा किस्सा आहे.

आमच्या इमारतीत अठरा फ्लॅट. काही वर्षांपूर्वी वार्षिक सभेत मी विषय मांडला की लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांच्यासाठी गच्चीवर पाच किलोवॉटचे सोलर पॅनल बसवू. चांगली दहा मिनिटं बोलले, हिमनद्यांपासून सुरुवात करून. संपल्यावर शांतता. कोणी पंख्याकडे बघतंय, कोणी मोबाइलकडे. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "बरं. पुढचा विषय, पार्किंगमधली कबुतरं." कबुतरांवर पाऊण तास चर्चा झाली. घमासान.

मी मनाशी म्हटलं, झालं, हीच ती उदासीनता. पण सभा संपल्यावर जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मला थांबवलं : "मॅडम, मला पटलं होतं तुमचं, पण कुणीच काही बोलेना." चपला घालताना तळमजल्यावरचे गृहस्थ : "मी तयार होतो, पण म्हटलं बाकीच्यांचा मूड नाही दिसत." रात्री तिसऱ्याचा मेसेज. सगळे एकमेकांकडे बघून गप्प बसले होते!

हे काही आमच्या सोसायटीचं वैशिष्ट्य नाही. १९६८ साली अमेरिकेत लटाने आणि डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. माणसाला एका खोलीत फॉर्म भरायला बसवायचं आणि भिंतीतल्या फटीतून धूर सोडायचा. माणूस एकटा असला तर शंभरात पंचाहत्तर जण उठून सांगायला जात. पण त्याच्यासोबत, मुद्दाम निर्विकार राहायला सांगितलेली दोन माणसं बसवली, की शंभरात दहाच उठत. बाकीचे डोळे चोळत, खोकत, हाताने धूर बाजूला सारत फॉर्म भरत राहत. त्यांना धूर दिसत नव्हता का? दिसत होता. शेजारचा शांत आहे म्हणजे काही विशेष नसावं, असं वाटत होतं.

अलीकडचं सांगायचं तर २०२४ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली, १२५ देशांतल्या सुमारे १,३०,००० लोकांची. पृथ्वीचं तापणं थांबवायला महिन्याच्या उत्पन्नातला एक टक्का द्याल का, असं विचारलं. ६९ टक्के लोक हो म्हणाले. मग विचारलं, तुमच्या देशातले किती जण हो म्हणतील असं वाटतं? उत्तरांची सरासरी निघाली ४३. आता हो म्हणणं आणि खिशातून काढणं यात अंतर असतंच, सोसायटीचा मेंटेनन्स गोळा केलेल्या कोणालाही विचारा. पण ६९ आणि ४३ मधली ती दरी बघून मला आमची सभा आठवली. "लोकांना काही वाटत नाही" असं जे तुम्ही मला विचारता ना, तेच वाक्य मैदानावर मला निदान वीस जणांनी विचारलंय. वीसही जणांना वाटतंय. प्रत्येकाला वाटतंय की आपल्यालाच वाटतंय.

मग मी काय केलं, तर पुढच्या सभेआधी दारोदार गेले. भाषण नाही, हिमनद्या नाहीत. फक्त विचारायचं : तुम्ही तयार आहात का? हो असेल तर नाव लिहायचं आणि "आत्तापर्यंत सात जण तयार" असा आकडा खाली नोटीस बोर्डावर लावायचा. सातचे नऊ झाले, नऊचे बारा.

सगळ्यात चांगला आक्षेप घेतला तो चौथ्या मजल्यावरच्या काकांनी. ते एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेले. म्हणाले, "मॅडम, आमचे २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. ६३० मेगावॉट. तुमच्या पाच किलोवॉटने काय फरक पडणार?" मी कागद मागितला. ६३० मेगावॉट भागिले पाच किलोवॉट, म्हणजे सव्वा लाखातला एक भाग, तोही फक्त दिवसा. काका खूश. मग मी दुसरा हिशेब मांडला. एका किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरले तर आपले वीस युनिट. आपल्याकडे एक युनिट विजेमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे रोजचा चौदा किलो, वर्षाचा पाच टन. एका भारतीय माणसाच्या वाट्याला वर्षाला दोन टनांच्या आसपास येतो, अमेरिकन माणसाच्या वाट्याला चौदाच्या आसपास. म्हणजे आपल्या गच्चीवरून अडीच माणसांचा वर्षभराचा धूर वाचतो. काकांनी माझा गुणाकार तपासला, दशांशचिन्ह तपासलं, आणि म्हणाले, "हिशेब बरोबर आहे. सही कुठे करायची?"

त्यांच्या आक्षेपाला मी उत्तर दिलं असं नाही. सव्वा लाखातला एक भाग तो एकच राहिला. पण त्यांना खोटं आवडत नाही आणि मी खोटं बोलले नाही, एवढंच.

आता पॅनल बसलेत. सोसायटीचं लाइटबिल निम्म्याच्या खाली आलंय. पूर्वी कबुतरांवर सर्वात जास्त बोललेले खजिनदार आता रोज संध्याकाळी ॲपवर युनिट बघतात, आणि २०२५च्या त्या लांबलेल्या पावसाळ्यात तर त्यांचा चेहरा पार उतरला होता. परवा लिफ्टमध्ये मला म्हणाले, "आज वातावरण खराब आहे मॅडम, अकराच युनिट." मला निफाड आठवलं.

तुम्ही स्वतः काय करता, असंही विचारता. कापडी पिशवी, बस, ओला कचरा वगैरे करते, पण त्याविषयी फार बोलत नाही, कारण त्यातून माझ्या चांगुलपणाची जाहिरात होण्यापलीकडे फार काही होत नाही. शिवाय २०२४च्या उन्हाळ्यात मी एसी घेतला. हो. ज्या नाशिकमध्ये लहानपणी पाहुणे हवा बदलायला यायचे, तिथे ह्यांना रात्री झोप लागेना आणि मी दुकानात गेले. दोन दिवस अपराधी वाटलं, तिसऱ्या दिवशी छान झोप लागली. "कार्बन फूटप्रिंट" (आपल्या वागण्यामुळे हवेत किती कार्बन जातो त्याचं माप) हा शब्द २००० नंतरच्या दशकात घराघरांत नेण्यात एका बड्या तेल कंपनीच्या, बीपीच्या, जाहिरातींचा मोठा वाटा होता. तुमच्या पावलाचा ठसा तुम्हीच मोजत बसा, आमच्याकडे बघू नका, असा त्याचा सोयीचा अर्थ. म्हणून मी माझ्या एसीचं प्रायश्चित्त एकटीने घेत बसत नाही. सभेत तोंड उघडते, ते जास्त उपयोगी पडतं.

आणि लोक तोंड उघडत नाहीत असंही नाही. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी, म्हणजे साधूंच्या मुक्कामाच्या वस्तीसाठी, तपोवनातली झाडं तोडायचा प्रस्ताव आला, तेव्हा हेच नाशिककर, ज्यांना म्हणे काही वाटत नाही, झाडांखाली जाऊन उभे राहिले. कॉलेजची पोरं, आज्या, एरवी व्हॉट्सॲपवर फक्त सुप्रभात पाठवणारे. त्यात मला माझा एक विद्यार्थी भेटला, ज्याला नववीत मी "पर्यावरण" या धड्यावर दोन वेळा वर्गाबाहेर काढलं होतं. झाड दिसतं, त्याला मिठी मारता येते. दशलक्षात ४२० कण कोणाला दिसणार?

रागाचं राहिलंच. राग येतो, पण आता पूर बघणाऱ्यांचा येत नाही. तीही बिचारी आपापल्या परीने मारुतीला विचारतच असतात, किती चढलं म्हणून. राग येतो तो रजिस्टरमधल्या एका नोंदीचा. आमच्या गेटजवळ वॉचमनची पत्र्याची केबिन आहे. गेल्या एप्रिलमध्ये दुपारी मी सहज शाळेतला जुना तापमापक तिथे टांगला. बाहेर सावलीत ३९, आत ४५. वॉचमन पेठ तालुक्यातला, पन्नाशीचा माणूस. दुपारी तो केबिनमध्ये बसत नाही, समोरच्या कडुनिंबाखाली बसतो. आणि तक्रारवहीत सुवाच्य अक्षरात लिहिलंय : "वॉचमन दुपारी जागेवर नसतो." खाली तीन सह्या. त्यातली एक माझी आहे, मागच्या वर्षीची.

केबिन हलवून कडुनिंबाखाली न्यायची, पत्र्याला वरून पांढरा रंग द्यायचा आणि आत एक पंखा, एवढाच प्रस्ताव आहे. पंखा सोलरवर चालेल, खजिनदारांनी हिशेब करून ठेवलाय. वही घेऊन मी पुन्हा दारोदार फिरतेय. चौदा नावं झाली. चार फ्लॅट राहिलेत, त्यातला एक कायम बंद असतो.